पोर ऐकत नाही, मग करायचे काय?



या सदरात मी नेहमी बियाणे, खत, कीड आणि पाणी यांविषयी लिहितो. आजचा विषय थोडा निराळा आहे. घरातल्या दोन ते सहा वर्षांच्या पोरांविषयी आज बोलायचे आहे. कृषी खात्याच्या माणसाला या भानगडीत पडायला कुणी सांगितले, असे काहींना वाटेल. लेख शेवटपर्यंत वाचा, म्हणजे शंका फिटेल.

मृग निघण्याआधी कोयनाकाठच्या एका गावात सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. एका शेतकऱ्याच्या अंगणात ताडपत्री अंथरून बियाणे पसरले होते. पंधरा-वीस मंडळी जमली होती. घरातला साडेतीन वर्षांचा नातू आजोबांचा मोबाइल मागत होता. आई म्हणाली, "न्हाई मिळायचा. आधी जेवून घे." पोराने भोकाड पसरले आणि जमिनीवर लोळण घेतली. आई बधली नाही. तेवढ्यात बाप उठला. "चार माणसांत लाज काढतोस व्हय रं?" असे म्हणून त्याने पोराच्या पाठीत धपाटा घातला. पोर आणखीच किंचाळले. ओट्यावर बसलेले आजोबा कळवळले. "लेकराला मारतोस व्हय? ये रं माझ्या सोन्या," म्हणत त्यांनी खिशातला मोबाइल काढून त्याच्या हातात दिला. रडणे तिथल्या तिथे थांबले.

काम आटोपल्यावर त्या घरच्या सूनबाई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "साहेब, पोरगं लई हट्टी झालंय. चावतंय, बोचकारतंय, अंगणवाडीत दुसऱ्या पोरांना ढकलतंय. मारून बघितलं, लाडानं बघितलं. आता काय करावं?"

मी म्हणालो, "ताई, पोराचा दोष कमी आहे. आत्ता अंगणात तीन माणसे तीन तऱ्हांनी वागली. पोर त्यातून एवढेच शिकले की भरपूर ओरडले, की मोबाइल मिळतो."

उभ्या उभ्या सगळे सांगता आले नाही. ते आज तुम्हा सर्वांसाठी लिहितो.

घराघरांच्या तऱ्हा

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात डायना बॉमरिंड नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई होऊन गेल्या. त्यांनी बालवाडीतली तीन-चार वर्षांची मुले बारकाईने पाहिली. मग त्या मुलांचे आईबाप घरी कसे वागतात तेही पाहिले. हा अभ्यास १९६७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांना मुख्यतः तीन तऱ्हा दिसल्या.

पहिल्या तऱ्हेच्या घरात हुकूम चालतो. 'मी सांगतो म्हणून' एवढेच कारण. शिस्त कडक आणि माया हातची राखून. अशा घरांतली मुले बरीचशी खट्टू, बुजरी आणि दुसऱ्यावर विश्वास न टाकणारी दिसली.

दुसऱ्या तऱ्हेच्या घरात माया भरपूर असते, पण कशालाच धरबंध नसतो. पोर म्हणेल ती पूर्व दिशा. अशी मुले सुखी असतील असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्यांना स्वतःला आवरता येत नव्हते आणि नवे काम समोर आले की ती मागे सरत.

तिसऱ्या तऱ्हेच्या घरात मायाही होती आणि नियमही होते. आईबाप मुलाचे म्हणणे ऐकून घेत, आपल्या सांगण्यामागचे कारण सांगत, आणि एकदा 'नाही' म्हटले की ते बदलत नसत. या घरांतली मुले जास्त समाधानी, धीट आणि आपले आपण करणारी होती.

पुढे १९८३ साली एलिनॉर मॅकॉबी आणि जॉन मार्टिन या दोन अभ्यासकांनी चौथी तऱ्हा वेगळी मांडली. तिथे मायाही नाही आणि नियमही नाही, मुलाकडे लक्षच नाही. सगळ्यांत जास्त नुकसान या तऱ्हेने होते. आपल्याकडे सुगीत आई-बाप दोघेही दिवसभर रानात असतात, ऊसतोडीच्या फडावर तर पोर पाचटातच वाढते. ते दुर्लक्ष पोटासाठी होते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच संध्याकाळचा जो थोडा वेळ हाती लागतो त्याला मोल आहे.

हे अभ्यास परदेशातले असले, तरी आपल्या घराचे चित्र त्यात दिसते की नाही ते बघा. आपल्याकडे फरक एवढाच की एकत्र घरात या साऱ्या तऱ्हा एकाच छपराखाली नांदतात. बाप कडक, आजोबा मऊ, आई मधल्या मध्ये. मग कुणाकडे रडायचे ते पोर बरोबर ओळखते.

हट्ट कसा वाढीला लागतो

अमेरिकेतच ऑरेगन राज्यात जेराल्ड पॅटरसन यांनी घरोघरी माणसे बसवून आईबाप आणि मुले यांच्यातल्या भांडणांची नोंद केली. १९८२ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. त्यांना दिसले ते असे. आई काहीतरी सांगते. पोर किरकिर करते. आई आवाज चढवते. पोर तिच्यापेक्षा जास्त ओरडते. शेवटी आई कंटाळून सोडून देते. पोराला हवे ते मिळाले आणि आईला शांतता मिळाली. दोघांचाही त्या घडीचा फायदा झाला, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडते. पोर एक पायरी वर चढते, मोठी माणसेही एक पायरी वर चढतात. आज किरकिर, उद्या लोळण, परवा चावा.

यात एक गोष्ट आणखी वाईट. दहा वेळा 'नाही' म्हणून अकराव्या वेळी दिले, तर हट्ट जास्त चिवट होतो. पोराला कळते की नेट धरला तर कधी ना कधी मिळतेच. लॉटरीचे तिकीट घेणारा माणूस दर आठवड्याला हरतो, तरी पुन्हा घेतोच ना? त्यातलाच प्रकार.

आता माराविषयी. 'छडी लागे छमछम' ऐकत आपण वाढलो. मार खाऊनच आम्ही सुधारलो, असे पुष्कळ जण अभिमानाने सांगतात. शाळेत मुलांना मारायला शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने बंदी आहे. घरातल्या माराविषयी २०१६ साली एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी ७५ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत मिळून सुमारे १ लाख ६० हजार मुले होती. जिथे चापटा-धपाटे जास्त, तिथे मुलांची मारामारी, उलटे वागणे आणि मनाचा त्रासही जास्त आढळला. वांड पोराला मार जास्त बसतो, हेही यात असणार. म्हणून सारा दोष माराचाच, असे कुणी छातीठोक सांगू नये. पण मारल्याने पोरे सुधारली, असे काही त्यात दिसले नाही.

माझ्याच घरातली गोष्ट

आता जे सांगतो ते सांगायला जीभ जड होते. पण ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

साल २००४. माझा थोरला तेव्हा पाच वर्षांचा होता. तालुक्याच्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. मी घरात फार कडक. पोराने दूध सांडले तरी माझा हात उठायचा. मी घरात पाऊल टाकले की पोर कोपऱ्यात जाऊन बसे. याला वळण म्हणतात, असे मला वाटे.

प्रात्यक्षिकासाठी आणलेली भुईमुगाच्या बियाण्याची पिशवी मी बाहेरच्या खोलीत ठेवली होती. औषध लावलेले गुलाबी दाणे. पोराला मी बजावले होते, "या पिशवीला हात लावलास तर तंगडी मोडीन." हात का लावायचा नाही, ते मात्र सांगितले नव्हते. दाण्यांना विष लावले आहे, हे पाच वर्षांच्या मुलाला समजेल अशा दोन वाक्यांत सांगता आले असते. मला त्याची गरज वाटली नाही.

संध्याकाळी पोराच्या पोटात दुखू लागले. दोन उलट्या झाल्या. मी विचारले, "काय खाल्लेस?" तो म्हणाला, "काही नाही." आवाज चढवून पुन्हा विचारले. पुन्हा "काही नाही." उन्हाचे झाले असेल म्हणून आईने लिंबाचे सरबत दिले. असेच दोन-अडीच तास गेले. पोर मलूल होत चालले. शेवटी शेजारच्या आजी आल्या. त्यांनी त्याला मांडीवर घेतले, मला बाहेर जायला सांगितले आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "सांग बाळा, तुला कुणी काही करणार नाही." तेव्हा ते पोर त्यांच्या कानात बोलले. चड्डीच्या खिशात गुलाबी डाग होते आणि दोन दाणे उरले होते.

स्कूटरवरून आम्ही त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, "किती वाजता खाल्ले? किती खाल्ले?" मला दोन्हींची उत्तरे देता येईनात. गावोगाव फिरून 'औषधे मुलांच्या हाताला लागू देऊ नका' असे सांगणारा मी मान खाली घालून उभा राहिलो. रात्रभर सलाइन चालले. देवाची कृपा, पोर वाचले. आज तो चांगला नोकरीला आहे.

पण ती रात्र मी विसरलो नाही. माझ्या पोराला पोटातल्या विषापेक्षा माझी भीती जास्त वाटली होती. मी ज्याला वळण म्हणत होतो, त्याने पोराला एवढेच शिकवले होते की चूक झाली तर लपवायची.

बंधूंनो, शहरातल्या घरात पोराने लपवालपवी केली तर फार तर कपबशी फुटल्याचे लपते. आपल्या घरात विहीर आहे, उसाचे रान आहे, साप-विंचू आहेत, विजेची मोटर आहे, फवारणीचे औषध आहे. इथे पोर गप्प बसले तर जीव जातो. 'मला काहीतरी चावले' हे पोराने धावत येऊन सांगितले पाहिजे. 'तू तिकडे गेलासच कशाला?' म्हणून मार बसेल, या भीतीने ते थांबता कामा नये.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, नियम थोडे ठेवा, पण पक्के ठेवा. रात्री जेवणे झाल्यावर आजी-आजोबांसकट सगळ्यांनी बसून चार-पाच नियम ठरवावेत. विहिरीकडे एकट्याने जायचे नाही. औषधाला आणि मोटरीला हात लावायचा नाही. कुणाला मारायचे-चावायचे नाही. मोबाइल ठरल्या वेळीच. आईने 'नाही' म्हटले असेल तर घरात कुणीही 'हो' म्हणायचे नाही, मग ते आजोबा का असेनात. मोबाइलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की दोन वर्षांखालच्या मुलाला तो दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. त्याहून कमी तेवढे बरे.

दुसरी, 'नको' म्हणताना कारण सांगा आणि दुसरे काम द्या. "विळा नको, धार लागेल. ही परडी घे आणि शेंगा गोळा कर." लहान मुलाला मोकळे हात ठेवता येत नाहीत. १९४५ साली ताराबाई मोडकांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. अंगणात मुले जमवून, भोवतालचे दगड, पाने, बिया हीच खेळणी करून त्यांनी आदिवासी मुलांना शिकवले. हाताला काम आणि मनाला गोडी असली की पोर आपसूक शांत होते. खेळण्याला पैसा लागत नाही.

तिसरी, हट्ट सुरू झाला की आपण जवळ असावे, पण गप्प राहावे. मारू नये, समजावत बसू नये आणि मागितलेली वस्तूही देऊ नये. पोर दुसऱ्याला किंवा स्वतःला इजा करत असेल तर फक्त हात धरावा. शांत झाले की जवळ घ्यावे. एक ध्यानात ठेवा. पहिले काही दिवस हट्ट कमी होण्याऐवजी वाढतो, कारण पोर जुन्या उपायाचा जोर वाढवून बघते. बहुतेक घरे याच दिवसांत हार खातात आणि म्हणतात, 'उपाय लागू पडत नाही.' तेवढे दिवस काढा.

चौथी, चांगले वागलेले दिसले की लगेच बोला. पोर मुकाट्याने खेळत असते तेव्हा आपण त्याच्याकडे बघत नाही आणि दंगा केला की सारे घर धावते. हे उलटे करा. "धाकट्या बहिणीला अर्धी भाकरी दिलीस, शाब्बास," असे नेमके सांगा.

पाचवी, पोकळ धमक्या बंद करा. बागुलबुवा येईल, पोलीस नेईल, डॉक्टर सुई टोचेल, हे सांगू नका. बागुलबुवा येत नाही, हे चार दिवसांत कळते आणि तुमच्या शब्दाची किंमत जाते. शिवाय खरोखर दवाखान्यात न्यायची वेळ आली की पोर दारातच आकांत करते.

सहावी, रोज पंधरा मिनिटे पोराची. हे मी खास करून बंधूंना सांगतो. पोरे सांभाळणे हे बायकांचे काम, असे म्हणून मोकळे होऊ नका. धारा काढताना, बैल पाण्यावर नेताना पोराला बरोबर घ्या आणि ते काय बडबडते ते ऐका. जे पोर रोज साध्या गोष्टी सांगते, ते अडचणीच्या वेळी अवघड गोष्टही सांगते.

सातवी आणि सगळ्यांत महत्त्वाची. खरे सांगितले तर मार नाही, हा शब्द पोराला द्या आणि पाळा. चुकीची भरपाई करून घ्या. सांडले तर पुसायला लावा, मोडले तर जोडायला बसवा. पण खरे बोलल्याबद्दल हात उगारू नका.

सगळाच दोष आईबापाचा नाही

हे वाचून कुणा माउलीने स्वतःला बोल लावून घेऊ नये. दीड ते चार वर्षांच्या पोराने हट्ट करणे हे त्या वयाचेच लक्षण आहे. मनात पुष्कळ असते आणि बोलायला शब्द पुरत नाहीत. भूक, अपुरी झोप, जंत, ताप यांनीही पोर चिडचिडे होते. सुगीत आपण चारला उठतो, पोराचीही झोप मोडते आणि दुपारी ते रडत बसते. त्याला वळणाची नाही, झोपेची गरज असते. शिवाय एकाच आईची दोन लेकरे जन्मापासून निराळी असतात. एक शांत, दुसरे तापट. तापट पोराला धीर जास्त लागतो, एवढेच.

मात्र काही खुणा दिसल्या तर हयगय करू नका. हाक मारली तरी पोर वळून बघत नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, येत असलेले बोलणे बंद झाले, किंवा सदान्‌कदा स्वतःला इजा करून घेते. अशा वेळी ऐकण्यात किंवा वाढीत काही अडचण असू शकते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातले डॉक्टर वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतात. अंगणवाडीच्या ताईंना तारीख विचारून ठेवा आणि त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका.

आता खात्याचे काम म्हणून दोन शब्द. फवारणीची औषधे आणि औषध लावलेले बियाणे कुलपात ठेवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत औषध कधीही ओतून ठेवू नका. पोराच्या पोटात काही गेल्याचा संशय आला तर मीठपाणी पाजून उलटी करवण्याच्या नादी लागू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा पिशवी लेबलासकट दवाखान्यात घेऊन जा. आणि पोराला विचाराल तेव्हा हळू आवाजात विचारा.

त्या कोयनाकाठच्या घरी मी महिन्याने उगवण पाहायला गेलो होतो. सूनबाई म्हणाल्या, "पहिलं आठ दिवस लई त्रास झाला, साहेब. सासऱ्यांचं मन धरवंना. पण आता मामंजी मोबाइल फळीवर ठिवत्यात आणि पोराला घेऊन म्हशीकडं जात्यात." पोर अजून हट्ट करते, पण लोळण कमी झाली आहे. बापाने विचारले, "साहेब, अजिबात धाक नको म्हणता व्हय?" मी म्हणालो, "धाक असू द्या, नियमाचा. तुमच्या हाताचा नको."

तुमच्या घरचा अनुभव पत्राने जरूर कळवा. पुढच्या अंकात सोयाबीनवरच्या खोडमाशीबद्दल बोलू.

आपला,
विस्तार अधिकारी